प्रत्येकाच्या हातात चेंडू

बाई, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि अजून दर जूनला पाचवीचा पहिला तास मी तुम्हाला विचारल्याशिवाय घेत नाही. विचारते म्हणजे मनातल्या मनात. मैदानावर चुन्याने रेघा मारताना तोंडातून निघून जातं, "एवढं अंतर पुरे ना, बाई?" आमचे शिपाईमामा दचकून विचारतात, "कुठल्या बाई?" मी म्हणते, माझ्या बाई. त्यांना वाटतं मुख्याध्यापक बाई मागे येऊन उभ्या आहेत, आणि ते लगबगीने झाडू हातात घेतात. यंदा शाळेत एक गोष्ट घडली. ती मी घरी सांगितली, स्टाफरूममध्ये सांगितली, फोनवर बहिणीला सांगितली. सगळे हसले, "छान झालं" म्हणाले. पण ती नीट कळणारं माणूस एकच होतं, ते तुम्ही. म्हणून लिहायला बसले आहे. मागचंही थोडं येईल मधे मधे. ते तुम्हाला माहीत आहे, पण तुमच्या बाजूने. माझ्या बाजूने काय झालं ते मी तुम्हाला कधी धड सांगितलंच नाही.

मी पाचवीत होते. अंधेरी पूर्वेची आपली शाळा, मागे कारखान्याची भिंत, पुढे ते लांबट मैदान, ज्याच्या एका टोकाला कायम पाणी साचलेलं असायचं. पी.टी.चे तास आठवड्यातून दोन, बुधवारी आणि शुक्रवारी, आणि त्या दोन्ही दिवशी माझं पोट दुखायचं. चिठ्ठी मीच लिहायची आणि सकाळच्या घाईत आईपुढे धरायची. आईला वाटायचं शाळेत कशाला ना कशाला सही लागतेच, ती पोळपाटावरून हात न काढता विचारायची, "खंय करू?" आणि पीठ लागलेल्या बोटांनी सही करायची. मला मैदानाची भीती वाटायची असं नाही. मला चेंडूची भीती वाटायची. माझ्याकडे आलेला चेंडू कधी माझ्या हातात राहिलाच नाही. पोरी मला 'चाळण' म्हणायच्या, कारण माझ्यातून सगळं खाली पडतं. संघ पाडताना दोघी कॅप्टन एकेक नाव घेत जायच्या, आणि शेवटी मी एकटी उरले की त्या एकमेकींना म्हणायच्या, "तू घे ना, मागच्या वेळी आम्ही घेतली होती."

तुम्ही त्या वर्षी आमच्या वर्गाला नव्याने आलात. घट्ट नेसलेली सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट घातलेली बाई मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. तिसऱ्या बुधवारी तुम्ही माझी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि म्हणालात, "तुझ्या पोटाला वार बरोबर कळतो गो. रविवारी कसं असतं ते?"

मी खरं ते सांगितलं. "रविवारी बरं असतं."

"अस्सं," म्हणालात तुम्ही, आणि माझ्याशेजारी पायरीवर बसलात. बाकीच्या पोरी मैदानात धावत होत्या. तुम्ही हातातला खडूचा तुकडा सहज माझ्याकडे टाकला. मी मान फिरवली, डोळे गच्च मिटले आणि दोन्ही हात चेहऱ्यापुढे धरले. खडू पायरीवरून टुणटुण करत खाली गेला. तुम्ही रागावला नाहीत, हसलाही नाहीत. नुसतं म्हणालात, "शनिवारी शाळा सुटली की माझ्या घरी यायचं. आईला विचारून ये."

आईला विचारलं तर ती बघतच राहिली. "चेंडू झेलूची शिकवणी? मगे गणिताची कोण घेतलो?" बाबा तेव्हा रात्रपाळी करून दिवसा झोपायचे. गिरणी बंद पडल्यावर ते मरोळच्या एका कारखान्यात गेटवर लागले होते. ते डोळ्यांवरचा हात न काढता म्हणाले, "जाऊ दे गं. बाई बोलवतायत म्हणजे काहीतरी असेल."

तुमचं घर मरोळच्या गावठाणात. गल्लीच्या तोंडाशी पांढरा क्रूस, त्याला झेंडूची माळ, आणि आत गेलं की मुंबई एकदम बुटकी होते. तुम्ही मला बाहेरच्या खोलीत बसवलं नाहीत, थेट स्वयंपाकघरात नेलंत. ते स्वयंपाकघर मला अजून आमच्या घरापेक्षा जास्त आठवतं. तुमच्या सासूबाई खाली पाट घेऊन लसूण सोलत बसल्या आहेत. खिडकीत मसाल्याच्या काळसर लाल बाटल्या ओळीने उभ्या आहेत. तुम्ही चर्चला जाताना डोक्यावर घ्यायचा झिरझिरीत स्कार्फ काढता आणि तो वर उडवून म्हणता, "पकड. हाताने पकड, डोक्याने पकड, कोपराने पकड, मला काही फरक पडत नाही." स्कार्फ इतका सावकाश खाली येतो की डोळे मिटायला कारणच नाही. मी पकडते. पुन्हा, पुन्हा. मग पंचा. मग मोज्यांचा गोळा. प्रत्येक वेळी तुम्ही विचारता, "येताना कोणत्या रंगाचा होता?" म्हणजे मला बघावंच लागतं. मधेच तुम्ही साधंसं विचारता, "घरात तुझ्याकडे कोण काय फेकतं?"

"कोणी नाही. आमच्या घरात काही फेकायचं नाही. स्टोव्ह असतो, पाण्याची पिंपं असतात, ताईची शिलाई असते."

"आणि खाली?"

"खाली मुलगे खेळतात."

तुम्ही हातातला मोज्यांचा गोळा दोनदा वर उडवून झेललात आणि म्हणालात, "म्हणजे तुझ्यात काही खोट नाही. आजवर तुझ्याकडे कोणी काही फेकलंच नाही. एवढंच झालंय."

बाई, त्या वाक्यानं माझ्यात काय झालं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मला अकरा वर्षं वाटत होतं की मी अशीच जन्मले, जशी कोणी सावळी जन्मते, कोणी बुटकी जन्मते, तशी मी चाळण. आणि तुम्ही म्हणत होतात की हे जन्माचं नाही, राहून गेलेलं आहे. राहून गेलेलं करता येतं. चौथ्या शनिवारी कांदा झाला, पाचव्या शनिवारी लिंबू. सहाव्या शनिवारी तुम्ही टोपलीतून अंडं उचललंत. सासूबाई म्हणाल्या, "आता खेळा हो अंड्यांनी, आणि मग सांजेला उपाशी झोपा." मी ते अंडं झेललं. हात मागे घेत, अलगद, अगदी तुम्ही दाखवलं होतं तसं. मग दुसरं झेललं. तिसरं माझ्या फ्रॉकवर फुटलं. आपण तिघी इतक्या हसलो की शेजारीण दारात येऊन उभी राहिली. घरी गेल्यावर आईने फ्रॉक पाहिला आणि विचारलं, ही कसली शिकवणी? मी सांगितलं, "दोन झेलली, एक फुटलं." आई म्हणाली, "म्हणजे पास."

त्यानंतर मी तुमच्या मागे मागेच राहिले. जिन्याखालची तुमची ती खोली आठवते. दार अर्धंच उघडायचं, कारण आत हूप टांगलेले. तुमच्याकडे काय नव्हतं? गॅरेजमधून मागून आणलेले आणि रंगवलेले टायर, वर्तमानपत्राचे चिकटपट्टी गुंडाळलेले चेंडू, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, बेडूकउड्यांसाठी जमिनीवर मांडायचे रबरी चौकोन. दुसऱ्या शाळांच्या पी.टी.च्या सरांकडे चषकांचं कपाट असायचं. तुमच्याकडे एक वही होती. त्या वहीत कोण किती सेकंदांत धावलं हे नसायचं. त्यात असायचं: 'एका पायावर उभी राहते, डावा डुगडुगतो.' 'फेकताना उजवा हात आणि उजवाच पाय पुढे.' 'खेकडा चालीत हसू येतं, मग पडते. चालेल.' माझ्या नावापुढे मी चोरून वाचलं होतं: 'डोळे उघडे.' एवढंच. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, की एवढी मेहनत केली आणि बाईंनी दोनच शब्द लिहिले. आता मी स्वतः अशी वही ठेवते आणि मला माहीत आहे की तसे दोन शब्द लिहायला मिळावेत म्हणून आपण अख्खं वर्ष मैदानात उभं असतो.

मग मी मोठी झाले, बी.पी.एड. केलं. लग्न होऊन मुलुंडला आले आणि इथल्याच एका शाळेत शारीरिक शिक्षणाची शिक्षिका म्हणून लागले. तुम्ही तोवर निवृत्त झाला होतात. पहिल्याच वर्षी मी तुम्हाला माझा तास बघायला बोलावलं. सांगते आता, मी आठ दिवस तयारी केली होती. नवी कोरी शिट्टी. अठ्ठेचाळीस मुलं, चार सरळ रांगा, पट्टीने आखाव्यात तशा. चेंडूची रिले शर्यत. शिट्टी वाजली की पहिला धावणार, चेंडू देणार, मागे जाऊन उभा राहणार. एक आवाज नाही, एक धक्का नाही. मुख्याध्यापक गॅलरीतून बघून मान डोलवत होते. तुम्ही गुलमोहराखाली खुर्चीवर बसून होतात, मांडीवर पर्स, पायात तेच बूट. तास संपला, मुलं वर्गात गेली आणि मी धापा टाकत, घाम पुसत तुमच्यापुढे येऊन उभी राहिले. कौतुकासाठीच.

तुम्ही विचारलंत, "तिसऱ्या रांगेत लाल रिबीनवाली होती. तिच्या हातात चेंडू किती वेळा आला?"

"माहीत नाही, बाई."

"दोनदा. पस्तीस मिनिटांत दोनदा. त्यातून एकदा सुटला. बाकी वेळ ती काय करत होती?"

"रांगेत होती."

"तेच. तू त्यांना रांगेत उभं राहायला शिकवलंस. ते त्यांना रेशनच्या दुकानातही शिकता येईल." मग तुम्ही उठलात, पदर सारखा केलात आणि जाता जाता म्हणालात, "आणि तू तरी हे विसरायला नको होतंस गो."

मी रडले नाही, पण मला राग आला. इतका की दोन महिने मी तुम्हाला फोन केला नाही. मनात सगळी उत्तरं तयार होती. तुमच्या वेळी वर्ग लहान होते. मला शाळेने दोनच चेंडू दिलेत. मुख्याध्यापकांना शिस्त लागते. खरं सांगायचं तर ही सगळी उत्तरं खरी होती, आणि त्या लाल रिबिनीपुढे एकही टिकत नव्हतं. रोज तासाला माझं लक्ष तिच्याकडेच जायचं. ती रांगेत उभी राहून वेणीचं टोक चावायची. तिला बघितलं की मला 'तू घे ना, आम्ही मागच्या वेळी घेतली होती' ऐकू यायचं.

आणि एक दिवस मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला, गेटवर एक म्हातारी गोणी घेऊन उभी आहे, आत सोडू का? मी धावत गेले. तुम्ही! अंधेरीहून मुलुंडपर्यंत दोन बस बदलून, गोणी पायांत धरून आलेल्या. कंडक्टरने विचारलं होतं, आत काय आहे, आणि तुम्ही म्हणाला होतात, "मोजे." त्याने आत हात घालून पाहिलं होतं म्हणे. खरोखरच मोजेच होते. तुम्ही दोन महिने सगळ्या गावठाणात दारोदार फिरून जोडी हरवलेले मोजे गोळा केले होते. रविवारी चर्च सुटल्यावर बाहेर उभ्या राहून लोकांना सांगत होतात, एकटा उरलेला मोजा असेल तर टाकू नका, मला द्या. प्रत्येकात चिंध्या ठासून, तोंड शिवून, चेंडू केले होते. निळे, पट्ट्यांचे, शाळेचे पांढरे, एक गुलाबी लोकरीचा, बाळाचा. अठ्ठेचाळीस. तुम्ही त्या दिवशी खुर्चीवर बसून माझी मुलं मोजून गेला होतात. मी रागावून बसले होते आणि तुम्ही शिवत बसला होतात.

त्या दिवशी शेवटच्या तासाला मी पहिल्यांदा सगळ्यांच्या हातात एकदम चेंडू दिले. काय गोंधळ झाला, बाई! अठ्ठेचाळीस मोजे हवेत. कोणी भिंतीवर मारतंय, कोणी पायाखालून, एकाचा चेंडू गुलमोहरात अडकला. मुख्याध्यापक गॅलरीत आले आणि कपाळाला हात लावून आत गेले. मी तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही बूट आवळत होतात, आत यायला.

तुम्ही गेलात ते मे महिन्यात. मी मुलांच्या शिबिराला बाहेरगावी होते, निरोप मिळाल्यावर रात्रीची गाडी धरून आले आणि सकाळी थेट चर्चमध्ये पोचले. तिथलं एक तुम्हाला सांगायला हवं. चर्चबाहेर आपल्या शाळेची जुनी मुलं जमली होती. आता कोणी बँकेत, कोणी विमानतळावर, कोणाचे केस पिकलेले, कोणाची पोटं सुटलेली. तुम्हाला बाहेर आणलं तेव्हा कोणी काही न सांगता सगळे ताठ झाले. हात बाजूला, टाचा जुळलेल्या, सावधान. बराच वेळ तसेच उभे. शेवटी मागून एक जाडसर गृहस्थ हळूच म्हणाले, "बाईंनी विश्राम म्हटल्याशिवाय आता हलायचं कसं?" आणि आम्ही रडता रडता हसलो. तुम्हाला ते आवडलं असतं.

आता यंदाचं सांगते. ही पाचवीची मुलं म्हणजे ज्यांची बालवाडी मोबाइलवर झाली ती. दोन वर्षं घरात कोंडलेली. अभ्यासाचं काय राहून गेलं याची सगळ्यांनी चिंता केली, परीक्षा घेतल्या, जादा वर्ग लावले. उड्या मारायच्या राहून गेल्या त्या कोणी मोजल्या नाहीत. मला पहिल्या तासालाच कळलं. एका मुलीला दोन्ही पाय एकदम जमिनीवरून उचलता येत नव्हते. उडी म्हटलं की ती एक पाय उचलायची, मग दुसरा, जशी पायरी चढते तशी. गुटगुटीत, बडबडी, डोक्याने तल्लख. मी तिला सगळ्यात खालच्या पायरीवर उभं केलं, समोर उभी राहून दोन्ही हात धरले. रोज एक उतरती उडी. तिसऱ्या आठवड्यात तिने माझे हात सोडले. नंतर तिने थांबायचं नावच घेतलं नाही. वर्गातून मैदानात, मैदानातून नळावर, सगळीकडे उड्या मारतच जायची. मी वहीत लिहिलं: 'दोन्ही पाय.'

आणि नेमक्या त्याच वेळी ऑगस्टमध्ये मुख्याध्यापक बाईंनी मला बोलावलं. समोर गणिताचे सर बसलेले. चांगला माणूस आहे, बाई, पण भारी तिरकस. अंगाने आडवेतिडवे, आवाज खर्जातला. पाचवीच्या चाचणीत निम्मा वर्ग गणितात अडकला होता, म्हणून पी.टी.चे दोन्ही तास गणिताला द्यायचे असं ठरत होतं. सर म्हणाले, "मॅडम, गैरसमज नको. पण तुमच्या तासाला वरून बघितलं तर नुसता बाजार दिसतो. तेवढ्यात माझे अपूर्णांक होऊन जातील."

माझे कान तापले. एके काळी मी चार रांगा लावून दाखवल्या असत्या. पण मी म्हणाले, "सर, एक तास खाली येऊन बघा. पाच मिनिटं जरी कुठलं मूल रिकामं उभं दिसलं तर दोन्ही तास तुमचे."

मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "ठरलं मग." त्यांना दोघांपासून सुटका हवी होती.

सर गुरुवारी आले. हातात घड्याळ आणि कागद. मैदानाच्या कडेला उभे राहायला लागले तसं मी त्यांना सांगितलं, "कडेला नाही, सर. माझ्या मैदानात रिकाम्या हाताने कोणी उभं राहत नाही." आणि त्यांच्या हातात दोरी दिली. मुलांनी इतका गलका केला की त्यांना नाही म्हणता येईना. त्यांनी दोरी फिरवली, ती पायात अडकली. पुन्हा फिरवली, पुन्हा अडकली. मुलं हसली. सरांचा चेहरा पडला, बाई. तो चेहरा मी ओळखते. तो मी आरशात पाहिलेला आहे. ते दोरी गुंडाळायला लागले. मी काही बोलणार तेवढ्यात ती पायरीवरची मुलगी उड्या मारत त्यांच्यासमोर आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सर, दोरीकडे नका बघू ना. माझ्याकडे बघा. आधी दोरीशिवाय मारायची. मी पण तसंच केलं."

"मला नाही जमणार गं," सर म्हणाले.

"मला पण नव्हतं जमत."

सर माझ्याकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, मी लहानपणी पण असाच होतो. जाडा. पी.टी.ला मला कधी खेळायलाच घेतलं नाही. सर म्हणायचे, तू बाजूला बस, स्कोअर लिही. सात वर्षं मी स्कोअर लिहिला." मग हसले. "म्हणून तर गणित आलं."

मी त्यांना काय सांगितलं असेल ते तुम्हाला माहीत आहे. म्हटलं, "सर, तुमच्यात खोट नाही. तुम्हाला कोणी दोरी दिलीच नाही." त्यांनी चपला काढल्या, पँट दोन घड्या वर केली आणि त्या मुलीसमोर उभे राहिले. आधी दोरीशिवाय. मग एका हातात दोरी धरून, नुसता ठेका. ती त्यांना ओरडत होती, "उशीर केलात, सर! टाचा नका टेकवू!" खरं सांगते, मी शिकवलं असतं त्यापेक्षा ती बरं शिकवत होती. बाकीची मुलं हळूहळू भोवती जमली, पण दोऱ्या सोडून नाही. आपापल्या उड्या मारत मारतच बघत होती. सरांची पहिली उडी निघाली. मग दोन. दोन झाल्या तशी सगळी पाचवी मोठ्याने मोजायला लागली. तीन. चार. पाच. सहाला दोरी अडकली आणि सर मैदानात मटकन खाली बसले, घामाने निथळत, आणि एखाद्या पोरासारखे हसत सुटले. कागदावर त्यांनी काही लिहिलंच नव्हतं. तो वाऱ्याने केव्हाच उडून गेला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुख्याध्यापक बाईंना सांगितलं, "पाचवीचे तास राहू देत. मी अपूर्णांक मैदानातच घेतो अधूनमधून, टायरचे भाग करून. आणि गुरुवारी मला पण यायचंय." सगळंच जिंकलं असं नाही. नववीचा एक तास गेला, तो परत आणण्यासाठी भांडते आहे. पण पाचवीचे दोन्ही तास आहेत. सरांच्या आता चाळीस उड्या होतात, आणि अडकले की ते दोरीला दोष देतात. परवा स्टाफरूममध्ये मराठीच्या बाईंनी मला एकटीला गाठून विचारलं, "गुरुवारी मी आले तर चालेल का गं? कोणी हसणार नाही ना?" मी म्हटलं, हसतील, पण उड्या मारता मारता.

हे सगळं लिहून झालं आणि आता एक राहिलंय. तुम्ही मला एकदा विचारलं होतंत, बी.पी.एड.ला सगळं नीट केलंस ना, आणि मी छातीठोकपणे हो म्हटलं होतं. बाई, मला कार्टव्हील येत नाही. कधीच आली नाही. परीक्षेच्या दिवशी परीक्षक चहा घेत होते आणि माझा नंबर कधी निघून गेला ते त्यांना कळलंच नाही. मी सांगितलं नाही. इतक्या वर्षांत मी कितीतरी पोरींना ती शिकवली. हात कुठे टेकायचे, नजर कुठे ठेवायची, पाय कधी सोडायचे, सगळं सांगते आणि त्या चाकासारख्या फिरत जातात. "बाई, तुम्ही करून दाखवा ना," म्हटलं की मी कमरेला हात लावते आणि सांगते, पाठ धरलीय. माझी पाठ ठणठणीत आहे. डोकं खाली जायच्या क्षणी मी अजून डोळे मिटते, एवढंच. हे पत्र मी घडी घालून वहीत ठेवणार आहे. तुमचा पत्ता असता तरी टाकलं नसतं. कारण तुम्ही वाचलं असतंत, बूट आवळत मैदानात आला असतात आणि सगळ्या पाचवीसमोर म्हणाला असतात, "चल गो, आत्ता." आणि मला ती मारावीच लागली असती.